कुंड्यांतल्या शेंबड्या (म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी) कशा आवरायच्या, आणि त्यात कूलरचा काय संबंध

मागच्या वर्षी जुलैमध्ये मी सांभार पेरला होता (पुण्यामुंबईच्या लोकांसाठी, कोथिंबीर). दोन लांबट ट्रे, धने रगडून दोन फाकं केलेले, रात्रभर भिजवलेले, सगळं रीतसर. नवव्या-दहाव्या दिवशी कोंब वर आले, मी हौसेनं फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर येऊन बघते तर एका ट्रेमध्ये नुसती माती. काड्याही नाहीत. आधी संशय चिमण्यांवर गेला, मग उंदरावर, मग शेजारच्या पोट्ट्यांवर (त्यांचा बॉल आमच्याच अंगणात येतो). तेवढ्यात जरा ऊन पडलं आणि ट्रेच्या काठावरून भिंतीपर्यंत एक चकचकीत रेघ दिसली, गोंदात बुडवलेलं बोट ओढून वाळू द्यावं तशी.

ती रेघ दिसली की चोर कोण ते कळलंच समजा. अळीनं खाल्लं असेल तर पानावर किंवा खाली काळ्या बारीक लेंड्या पडलेल्या असतात, नाकतोडा असेल तर तो दिवसाही पानावर बसलेला सापडतो, पण शेंबडी रात्री येते, पानाला वेडीवाकडी भोकं पाडते किंवा कोंब मुळापासून कुरतडून नेते आणि सकाळ व्हायच्या आत गायब. मागे राहते फक्त ती रेघ, आणि पावसानं तीही धुवून गेली तर माणूस अळीचं औषध मारत बसतो. मी मारलं होतं, दोनदा. नीमतेलाचा अर्धा डबा त्यात गेला आणि शेंबड्यांना काही फरक पडला नाही.

आमच्याकडे जास्त करून जी दिसते ती चपटी, काळपट-तपकिरी, पाठीवर मधोमध एक फिकी रेघ असलेली. तिला लेदरलीफ स्लग म्हणतात आणि नाव बरोबर आहे, पाठ खरंच चामड्यासारखी असते. मोठी झाली की सात-आठ सेंटिमीटर भरते. बसलेली असली की डोकं कुठं शेपूट कुठं काहीच कळत नाही, भिजवलेल्या चिंचेचा तुकडा पडलाय असंच वाटतं, आणि आमच्या सासूबाईंनी एकदा खरंच चिंच समजून उचलली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव शेंबडी. शंखवाली मोठी आफ्रिकन गोगलगाय वेगळी, 2022 मध्ये लातूर-बीड-धाराशिवकडे सोयाबीनची उगवण जिनं फस्त केली ती. पण खाली सांगते ते उपाय दोघींनाही चालतात.

आता मुद्द्याचं. आपण सगळे चूक हीच करतो की झाड खाल्लं म्हणून झाडापाशीच उपाय करतो. झाड म्हणजे तिचा फक्त जेवायचा ठेला. राहते ती दुसरीकडे, आणि जोवर तिचं घर सापडत नाही तोवर तुम्ही रोज दहा मारा, रोज दहा येतात. तिच्या अंगावर शंख नाही म्हणजे अंगातलं पाणी राखायला काहीच नाही, उन्हात ती तासाभरात वाळून मरेल, म्हणून दिवसा तिला अंधार, ओल आणि अंगाला दोन्ही बाजूंनी टेकणारी फट लागते. एवढंच डोक्यात ठेवून घराभोवती फिरा. कुंडीखालची प्लेट, कुंडीच्या बुडाचं भोक (हो, आतून वर चढून बसतात), शहाबादीचे उरलेले तुकडे, विटांचा ढीग, जुनी ताडपत्री, नळाखालची शेवाळलेली जागा, पाण्याच्या टाकीची सावली, पडलेल्या पानांचा थर.

आणि कूलर. नागपुरात मे महिन्यात 45 डिग्री असते, अंगणातली काळी माती अशी फाटते की फटीत आख्खं बोट जातं, मग एवढ्या उन्हाळ्यात ही नाजूक अंगाची बाई जगते कशी हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. काही खोल फटीत उतरून पडून राहतात ते आहेच. पण आमच्या बेडरूमच्या खिडकीला बाहेरून लोखंडी स्टँडवर कूलर आहे, मार्चअखेरपासून पाऊस लागेपर्यंत दिवसरात्र चालतो, त्याची टाकी एका कोपऱ्यातून गळते (दरवर्षी डांबर लावतो, दरवर्षी गळते) आणि खाली फरशीला चोवीस तास ओल. त्या ओलीत कोणीतरी कधीतरी टाकलेलं एक जुनं पायपुसणं पडलं होतं. ते सब्बलीच्या टोकानं उचललं आणि खाली सव्वीस. मोजल्या मी. बारीक बारीक पिल्लंही होती आणि बाजूच्या मातीत अंड्यांचे दोन पुंजके, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक. आख्खा उन्हाळा आम्हीच त्यांना कूलरमध्ये ठेवलं होतं आणि जुलैमध्ये सांभार वाढला.

तर पहिलं काम हे. घर सापडलं की तिथला आडोसा काढा, जागा झाडून कोरडी करा, गळती आहे तिथं खाली घमेलं ठेवा आणि ते पाणी रोज झाडांना घाला. कुंड्या थेट जमिनीवर ठेवू नका, प्रत्येकीखाली विटेचे तीन तुकडे किंवा स्टँड, म्हणजे खालून वारा जातो आणि फट उरत नाही. अंडी दिसली तर उन्हात फरशीवर पसरून द्या, वाळतात. या जातीत नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक जण अंडी घालू शकतो, त्यामुळे "एकच तर दिसली" असं म्हणून सोडू नका.

दुसरं काम रात्रीचं. याला पर्याय नाही, मी सगळं करून बघितलं. जेवणं आटोपली की साडेनऊ-दहाच्या सुमारास, शक्यतो पाऊस पडून थांबलेला असेल अशा रात्री, टॉर्च घ्यायचा, स्वयंपाकघरातला निवृत्त झालेला चिमटा किंवा चायनीजच्या ठेल्यावर मिळतात त्या काड्या, हातात ग्लोव्हज, आणि अर्ध्या बादलीत कपड्याच्या पावडरचं पाणी. कोवळ्या पानांच्या खालची बाजू बघा, कुंडीचा काठ बघा, भिंत बघा. सापडली की उचलून बादलीत. साबणाच्या पाण्यातून ती वर चढू शकत नाही. पहिल्या रात्री मला 43 मिळाल्या, दुसऱ्या रात्री 31, मग पाऊस नव्हता तर 12, मग पुन्हा झड लागली तर 29, आणि असं करत करत दोन आठवड्यांनी चार-पाचवर आलं. मध्ये सोडू नका, पहिले दहा-बारा दिवस रोज जायचं, मग आठवड्यातून दोनदा पुरतं. माझ्या गच्चीवरच्या टॉर्चमुळे समोरच्या काकूंनी एकदा विचारलंच, "काहून वो, रोज रात्री काय शोधून राहिल्या वर?" मी म्हटलं शेंबड्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण चौथ्या दिवशी त्यांच्या गच्चीवरही टॉर्च फिरताना दिसला.

बादलीतलं सकाळी खड्डा करून पुरा किंवा पिशवीत बांधून कचऱ्यात, उघड्यावर फेकू नका, उंदीर-घुशी येतात. आणि ते साबणाचं पाणी कुंडीत ओतू नका, नालीत.

ज्यांना रात्री हे जमत नाही (किंवा किळस येते, येते मला पण, सवय होते) त्यांनी सापळा लावावा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा म्हणजे गोणपाट. धान्याचं जुनं तागाचं पोतं घ्या, प्लास्टिकचं नाही, ते गुळाच्या पाण्यात चांगलं भिजवा आणि संध्याकाळी कुंड्यांच्या मध्ये जमिनीवर अंथरा. खाली पपईची सालं किंवा पत्ताकोबीची बाहेरची जाड पानं टाकली तर अजून बरं. सकाळी सात-आठच्या आत पोतं उलटायचं, कारण ऊन चढलं की त्या निघून अजून आत कुठंतरी जातात. खाली चिकटलेल्या मिळतात, बादलीत झटकायच्या, पोतं पुन्हा ओलं करून ठेवायचं. आपण काय करून राहिलो, तर त्यांना हवी तशी ओली अंधारी खोली आपणच आपल्या सोयीच्या जागी बांधून दिली. संत्र्याच्या अर्ध्या वाट्याही उपड्या ठेवतात, त्याही चालतात, पण पावसाळ्याच्या तोंडावर नागपुरातसुद्धा चांगलं संत्रं मिळत नाही, तेव्हा मोसंबीच्या किंवा खरबुजाच्या साली वापरा. एक मात्र, पोतं ठेवून विसरून गेलात तर तुम्ही सापळा नाही, धर्मशाळा बांधली.

बीअरचा सापळा सगळे सांगतात. वाटी मातीत पुरायची, काठ मातीपासून बोटभर वर ठेवायचा (नाहीतर चांगले भुंगेरेही पडतात), त्यात बीअर. तिला ओढणारी गोष्ट दारू नसून आंबलेल्या यीस्टचा वास असतो, म्हणून बीअर घरात आणायची नसेल, किंवा आमच्या वर्ध्याच्या मावशीसारखं तुमच्या जिल्ह्यात दारूबंदीच असेल, तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि अर्धा चमचा ड्राय यीस्ट घालून तासभर ठेवा, फेस आला की तेच. माझा अनुभव असा की दोन-तीन हाताच्या अंतरातल्याच येतात आणि त्यातल्याही काही पिऊन परत जातात. रोपांच्या ट्रेजवळ एखादी वाटी ठीक, आख्ख्या बागेसाठी नाही.

आता ज्यावर माझे पैसे गेले ते. अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, खडी, वगैरे. तांब्याची चिकटपट्टी मी ऑनलाइन मागवली, चारशेच्या वर रुपये, सहा कुंड्यांना गुंडाळली, दिसायला फार सुंदर दिसत होती. तिसऱ्या दिवशी रात्री टॉर्च मारला तर एक शेंबडी पट्टीवरून आरामात चालली होती, मी उभी राहून बघत होते. नंतर वाचलं तर इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं 2018 मध्ये लेट्यूसवर हेच तपासलं होतं, तांब्याची टेप, टरफलं, खडी, सालीचा थर, लोकरीच्या गोळ्या, आणि काहीच न लावलेल्या झाडांच्या तुलनेत कशानंही फरक पडला नव्हता. टरफलं खत म्हणून टाका, कॅल्शियम मिळतं.

राख आणि चुना थोडं वेगळं. कोरडी बारीक राख किंवा चुन्याची पूड तिच्या अंगाला चिकटते आणि ती वळते, हे मी पाहिलंय, पण अट कोरडी असण्याची आहे आणि पावसाळ्यात कोरडं काय राहते. गच्चीवर शेडखाली रोपं असतील तर ट्रेभोवती राखेची चांगली रुंद रेघ ओढा, चार बोटं तरी, दोन दिवसांनी पुन्हा. उघड्यावर मेहनत वाया. चुना कुंडीच्या आत टाकू नका, आपली काळी माती तशीही चुनखडीची असते.

मीठ. हे नीट वाचा कारण सगळ्यात जास्त लोक हेच करतात. मिठानं शेंबडी मरते, तिच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, डोळ्यादेखत फेस होतो. बघायला वाईट आहे, आणि कुंडीत टाकलेलं मीठ कुठं जात नाही. मी रागाच्या भरात टमाट्याच्या दोन कुंड्यांत मूठभर मीठ भुरभुरलं होतं. शेंबड्या मेल्या. आठवड्यानं टमाट्याची खालची पानं कडेकडेनं जळाल्यासारखी झाली, मला वाटलं पाणी कमी पडलं, मी पाणी वाढवलं, झाड अजून सुकलं, शेवटी दोन्ही कुंड्यांतली माती टाकून द्यावी लागली. बादलीतल्या पाण्यात साबणाऐवजी मीठ चालेल, मातीला मात्र मीठ दाखवायचं नाही.

कॉफीचंही खरं-खोटं सांगते. हवाईमध्ये संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं की कॅफिनचं एक-दोन टक्क्याचं द्रावण मारलं की स्लग मरतात. त्यावरून लोक कॉफीचा चोथा टाकतात. पण आपण पितो त्या कॉफीत कॅफिन त्याच्या कितीतरी पट कमी असते, आणि उकळून झालेल्या चोथ्यात अजूनच कमी. टाकायचा असेल तर कंपोस्टमध्ये टाका.

गोळ्या. कृषी केंद्रात मागितल्या तर मेटाल्डिहाइडच्या अडीच टक्केवाल्या मिळतात, शेतीसाठी असतात. काम करतात, खोटं बोलणार नाही. पण कुत्र्यामांजरांसाठी त्या भयंकर विषारी आहेत, आणि खाद्य घालून बनवलेल्या असल्यानं कुत्रं त्या हुंगत येऊन खाते. खाल्ल्या तर झटके येतात, लगेच डॉक्टरकडे न्यावं लागते. ब्रिटनमध्ये पक्ष्यांना आणि वन्य प्राण्यांना धोका म्हणून 2022 पासून त्यांचा बाहेर वापर बंद केला आहे. मला ज्या दुकानात मिळाल्या तिथल्या माणसानं "टाका ना मूठमूठ प्रत्येक कुंडीत" सांगितलं होतं. शेतात एकरी दोन किलो सांगतात, हिशोब केला तर शंभर चौरस फुटाला पाच ग्रॅमसुद्धा होत नाहीत! मूठ कुठं, पाच ग्रॅम कुठं. आमच्या गल्लीत चार कुत्री आहेत, एक तर आमच्याच पायरीवर झोपते, म्हणून मी त्या गोळ्या परत नेऊन दिल्या (पैसे मिळाले नाहीत). तुम्हाला वापरायच्याच असतील तर भाजीच्या कुंडीत नाही, उपड्या ठेवलेल्या नारळाच्या करवंटीखाली दोन-चार दाणे, करवंटीला एक छोटी खाच, वर वीट, आणि पावसात भिजू देऊ नका, ओलसर हवेत अर्धवट विष लागलेल्या शेंबड्या सावरतात. त्यापेक्षा आयर्न फॉस्फेटवाल्या गोळ्या बऱ्या, त्या खाल्ल्या की तिचं खाणं बंद होते आणि ती कुठंतरी आत जाऊन काही दिवसांत मरते. मेलेल्या समोर दिसत नाहीत म्हणून लोकांना वाटते काम झालं नाही. पानं बघा, मेलेल्या मोजू नका. याही गोळ्या पोरांच्या आणि जनावरांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत.

पाणी सकाळी घाला. आपल्याकडे संध्याकाळी सडा टाकल्यासारखं सगळ्या बागेवर पाइप फिरवायची सवय आहे, उन्हाळ्यात बरंही वाटते, पण पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत ते म्हणजे रात्रीच्या पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरणं. सकाळी, बुडाशी, पानं न भिजवता.

पेरणीची पण एक युक्ती. शेंबडीला सगळ्यात जास्त आवडते ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलं कोवळं रोप. सांभार, पालक, मेथी, मिरचीची रोपं, झेंडू, तेरडा. चिनी गुलाब आणि मनीप्लांटही खातात. कढीपत्ता आणि गवती चहा सोडून देतात. म्हणून पेरलेला ट्रे जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत (पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, डेंग्यूचे डास होतात), किंवा दोरीनं टांगा. रोप वीतभर झालं की खाली आणलं तरी चालते. नर्सरीतून नवीन कुंडी आणली की थेट बाकीच्यांत ठेवू नका, आधी काळ्या पिशवीचं बूड बघा, माझ्याकडे निम्म्या तरी तिथूनच आल्या असाव्यात.

भारद्वाज येत असेल बागेत तर त्याला येऊ द्या, तो गोगलगायी खातो. भेक, तो खरखरीत पाठीचा बेडूक, तोही. काजव्याच्या अळ्या तर गोगलगायींवरच वाढतात. चिचुंद्रीला मारू नका, घाण वास येतो पण रात्रीचं काम ती फुकट करते. जमिनीवर गोळ्या आणि कीटकनाशकं ओतली की आधी हेच जातात.

हात न लावता उचला म्हटलं त्याला कारण आहे. उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताच्या अळ्या स्लगच्या अंगात असू शकतात आणि पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. घाबरून जायचं काम नाही, पण कुंडीतला पालक, सांभार कच्चा खाणार असाल तर पान न पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, आणि लहान पोरांना शेंबडीशी खेळू देऊ नका. हाताला तो चिकटा लागलाच तर लगेच पाण्याखाली धरू नका, पाण्यानं तो अजून फुगतो, आधी कोरड्या कागदानं रगडून काढा, मग साबण.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते (रोगराई, पीडा घेऊन जा म्हणत मिरवतात तो मोठा पुतळा) तेव्हा आमच्या सासूबाईंनी यंदा गॅलरीतून, "शेंबड्या घेऊन जा गे मारबत" असं ओरडून घेतलं. त्या रात्री मी टॉर्च घेऊन गेले तर सात मिळाल्या, पण महिनाभरापूर्वीच्या मानानं ते काहीच नाही. पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन तापलं की आपोआप कमी होतात आणि सगळे विसरून जातात, मीही विसरले असते. यंदा मात्र कॅलेंडरवर दोन खुणा केल्यात. एक, कूलर बंद करायच्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी, गवत काढून फेकायचं, स्टँडखालची फरशी घासून मोकळी, वर नुसतं प्लास्टिक झाकून ठेवायचं नाही. दुसरी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, कूलर चालू असतानाच, त्याच्याखाली गुळाच्या पाण्यातलं पोतं. बाकी सगळीकडे रखरख असते तेव्हा त्यांना जायला दुसरी जागाच नसते, एकाच पोत्याखाली सगळ्या सापडतात.